पिठाच्या गिरणीवरचं एकमत

आमच्या घरात मत विचारायची पद्धत नव्हती. भात वाढू का, दार लावलंस का, पाणी गेलं का, एवढेच प्रश्न असत आणि त्यांची उत्तरं हो किंवा नाही. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर प्रश्नपत्रिकेत पहिल्यांदा वाचलं, ‘या विधानाशी तुम्ही कितपत सहमत आहात? सकारण लिहा,’ तेव्हा मी चक्क लाजले. मला कोणीतरी विचारत होतं! आणि तेही ‘तुम्ही’ म्हणून! आमच्या सगळ्या खाडीकाठावर मला ‘तुम्ही’ म्हणणारं तोवर कोणी जन्माला आलेलं नव्हतं. एसटीचा कंडक्टरसुद्धा ‘ए, पुढे सरक’ म्हणायचा.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. डोंबिवलीला खाडीच्या अंगाला आमचं घर. आम्ही कोळी. आजोबांपर्यंत सगळे खाडीवर जगले, पण बाबांनी जाळं सोडून वागळे इस्टेटमधल्या एका पंपाच्या कंपनीत फिटरची नोकरी धरली. आईचा भाऊ, म्हणजे माझा मामा, अजून होडी घेऊन जायचा. आणि मी? मी आमच्या घराण्यातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, विषय समाजशास्त्र, तोंड मोठं.

बी.ए.चं शेवटचं वर्ष लागलं तशी आत्या स्थळ घेऊन आली. मुलगा कल्याणपलीकडे मोहने गावी कारखान्यात कायम, घर पक्कं, सासू नाही. शेवटचा मुद्दा आत्याने दोनदा सांगितला. मला एम.ए. करायचं होतं. तसं मी बोललेही, पण ते कोणी ऐकलं नाही. शेवटी माझं तोंड थांबत नाही म्हटल्यावर बाबांनी निवाडा दिला.

“फर्स्ट क्लास आला तर शीक पुढे. नाही आला तर आत्या म्हणते तिथे. बस्स.”

“ऐकलंस ना गं?” आत्या मला म्हणाली. “बाप शब्द देतोय. मागनं रडायचं नाय.”

तेव्हा मामला असा होता. फर्स्ट क्लास म्हणजे एम.ए., सेकंड क्लास म्हणजे मोहने.

फर्स्ट क्लास काढून देणारा म्हणून स्टेशनाजवळचा एक क्लास गाजलेला होता. खाली पिठाची गिरणी आणि वर क्लास. गिरणीचा पट्टा सुरू झाला की वर बाकं थरथरायची आणि जिन्यातून पीठ तरंगत यायचं. तास संपला की मुलींच्या वेण्या पांढऱ्या, मुलांच्या मिशा पांढऱ्या. गावात आम्हाला ‘पिठातली पोरं’ म्हणत. खाली काय दळलं जातंय ते वर वासावरून कळायचं, आणि मिरची असली की सगळा वर्ग भारतीय समाजाच्या समस्यांवर डोळे पुसत बसायचा.

सर उंच, अंगात राखाडी सफारी, आणि आवाज असा की गिरणीने लाजावं. ते शिकवत नसत, लिहून देत. प्रश्न कोणताही असो, ‘कितपत सहमत’ आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असे.

“लिहा. प्रस्तुत विधानाशी मी पूर्णपणे सहमत आहे. पूर्णविराम. खाली रेघ. आता मुद्दे.”

मुद्दे पाच. पाचांना ठळक मथळे. मग समारोप, ज्यात पहिलंच वाक्य ‘अशा प्रकारे’ लावून पुन्हा. शहरं वाढतात ते चांगलं आहे? पूर्णपणे सहमत. शहरं वाढतात ते वाईट आहे? त्याच्याशीही, दुसऱ्या पानावर, पूर्णपणे सहमत. एकदा मी हात वर केला.

“सर, नाही पटलं तर?”

“काय नाही पटलं?”

“विधान.”

सर्वांनी वळून माझ्याकडे पाहिलं, जसं लग्नात कोणीतरी शिंकलंय. सर शांतपणे म्हणाले, “पटणं हा विषय अभ्यासक्रमात नाही.” मग खडू खाली ठेवून त्यांनी आपलं तत्त्वज्ञान सांगितलं. “पेपर तपासणारा माणूस दमलेला असतो. त्याच्यापुढे गठ्ठा असतो, घरी पाहुणे असतात, पंखा बंद असतो. दमलेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. त्याला ‘हो’ म्हणायचं आणि पुढे जायचं. समजलं?”

“समजलं,” वर्ग एका सुरात म्हणाला. पूर्णपणे सहमत.

मीही ते दोन-तीन महिने पाळलं. खोटं कशाला सांगू, मला फर्स्ट क्लास हवा होता. मग क्लासची सराव परीक्षा आली आणि प्रश्न आला: ‘औद्योगिकीकरणामुळे स्थानिक लोकांचे जीवनमान उंचावते. कितपत सहमत?’ उत्तर तोंडपाठ होतं. रोजगार, दळणवळण, शिक्षण, आरोग्य, राष्ट्राची प्रगती. मी ‘प्रस्तुत’ असं लिहिलं आणि मला मामा दिसला.

आदल्याच रविवारी आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. जाळं वर आलं ते काळं, चिकट, डांबरात बुडवल्यासारखं. निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे, निघाल्या त्यांना रॉकेलचा वास. मामी त्या टोपलीत घेऊन बाजारात गेली आणि तशाच परत घेऊन आली, कारण गिऱ्हाईक वास घेऊन पुढे जायचं. आणि मी इथे पिठात बसून लिहिणार होते की मामाचं जीवनमान उंचावलं? मी ‘प्रस्तुत’ खोडलं आणि लिहिलं, ‘मी या विधानाशी अजिबात सहमत नाही.’ मग मामाचं जाळं, मामीची टोपली, निवट्या, सगळं ओतलं. मुद्दे पाच झाले नाहीत. मथळे सुचले नाहीत. समारोपात लिहिलं, ‘जीवनमान म्हणजे काय हे ज्याने हे जाळं धुतलं त्याला विचारा.’

सरांनी शून्य दिलं आणि वर लाल शाईत लिहिलं, ‘उद्धट’. एवढ्यावर ते थांबले असते तर मीही थांबले असते. पण त्यांनी माझं उत्तर वर्गाला वाचून दाखवलं. एक हात छातीवर, डोळे छताकडे, आवाज गदगदलेला. “निवट्यांना... रॉकेलचा वास!” वर्ग लोळला. पुढच्या बाकावरचा एक जण हसता हसता ठसकला, त्याला पाणी द्यावं लागलं.

आता खरं सांगते, सरांनी वाचलं फार छान. मी लिहिताना होतं त्यापेक्षा ते चांगलं वाटलं. म्हणून मी उभी राहिले.

“सर, ‘निवट्यांना’नंतर अजून थोडं थांबा. मग ‘रॉकेल’ खाली आणा. जास्त परिणाम होईल.”

खाली गिरणीचा पट्टा नेमका त्याच क्षणी बंद पडला. इतकी शांतता त्या खोलीत पुन्हा कधी झाली नसेल.

“बाहेर,” सर म्हणाले. “नमुना उत्तर लिहून, माफी मागून, मगच वर यायचं.”

माझी मैत्रीण माझ्यामागे जिन्यापर्यंत आली. ती सगळ्या उत्तरांत सगळ्यांत आधी सहमत व्हायची, पण मनाने सोनं.

“अगं, माग ना माफी. तुझा फर्स्ट क्लास!”

“कशाची माफी मागू? निवट्यांना वास येतो याची?”

“शहाणी आहेस. मोहन्याला जाशील, मग कळेल.”

दुसऱ्या दिवशी बाबा कंपनीच्या निळ्या ड्रेसवरच क्लासला गेले. मला त्यांनी खाली गिरणीच्या ओट्यावर बसवलं होतं, पण सरांचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे.

“मुलगी हुशार आहे हो. पण वाद घालते.”

“लहान आहे, सर.”

“विद्यापीठाच्या पेपरला बाहेरचा परीक्षक असतो. तो शून्य देऊन शांत बसणार नाही, नापास करेल. तुम्हीच सांगा, साहेबाशी तुम्ही कंपनीत वाद घालता का?”

“नाही, सर,” बाबा म्हणाले. जिना उतरले तेव्हा त्यांच्या निळ्या खांद्यांवर पीठ बसलेलं होतं. घरी येईपर्यंत ते झटकलंही नाही. घरात पाय टाकताच मात्र फुटले.

“अगं, हो ना सहमत! कागदावर सहमत व्हायला तुझ्या काकाचं काय जातं?”

“काकाचं नाही, मामाचं जातं.”

“बघितलंस? बघितलंस कशी बोलते?” हे आईला.

आई चुलीपुढे मासे उलटत होती. ती शाळेत कधी गेली नव्हती आणि माझ्या शिक्षणाबद्दल कधी चकार शब्द बोलली नव्हती. तिने वळूनही पाहिलं नाही. “खोटंच लिवायचं व्हतं त कालेजान कशाला धाडलीस तिला? खोटं त घरान बसूनपन बोलता येतं.”

बाबा जेवले नाहीत. मीही माफी मागितली नाही. शब्द मात्र तसाच राहिला. फर्स्ट क्लास नाही तर मोहने, आणि आता क्लासही नाही.

परीक्षेपर्यंत मी घरीच अभ्यास केला. अभ्यास म्हणजे काय, मी असहमतीचा रियाज केला. पुस्तकातलं प्रत्येक विधान घ्यायचं आणि त्याला आडवं जायचं. जागेपणी सहमत होणं मी सोडूनच दिलं. आई म्हणे, आमटीत मीठ कमी आहे, तर मी म्हणे, कशावरून? एक दिवस आईने पळी दाखवली तेव्हा रियाज थोडा कमी केला.

परीक्षा कल्याणला, मोठ्या हॉलमध्ये. पुढच्या रांगांत सगळी पिठातली पोरं. पेपर हातात आला आणि मी तो प्रश्न शोधला. होता! पण कोणीतरी त्याला उलटा करून ठेवला होता. ‘औद्योगिकीकरणाने स्थानिक लोकांचे केवळ नुकसानच केले. या विधानाशी तुम्ही कितपत सहमत आहात?’

मी मान वर करून पाहिलं. पुढच्या रांगांतली डोकी एकदाच खाली झाली आणि पेनं धावू लागली. एकही जण थांबला नाही. मला दिसत नव्हतं, पण माहीत होतं. प्रस्तुत विधानाशी मी पूर्णपणे सहमत आहे, पूर्णविराम, खाली रेघ, मुद्दा पहिला: रोजगार! नुकसानाशी सहमत आणि खाली पाच फायदे! मला एवढं हसू आलं की पर्यवेक्षक बाई माझ्या बाकाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

मग मी लिहायला घेतलं. आज माझा दिवस होता. नुकसान? मला विचारा! मामा, जाळं, मामी, टोपली, सगळे तयार उभे होते. मी झोकात लिहिलं, ‘मी या विधानाशी पूर्णपणे सहमत’

आणि ‘आहे’ लिहायच्या आधी हात अडकला.

त्याच रविवारची गोष्ट, जी मी सराव परीक्षेत लिहिलीच नव्हती. मामाने जाळं दगडावर आपटून कंपन्यांच्या सात पिढ्या काढल्या. मग चहा पिता पिता बाबांच्या जवळ सरकून, आवाज खाली करून विचारलं होतं, “थोरल्याला लावशील का रं तुझ्या कंपनीत?” मी तिथेच बसले होते. मी ते ऐकलं होतं. आणि मी अंगातल्या ज्या ड्रेसमध्ये परीक्षेला बसले होते तो बाबांच्या बोनसमधून शिवलेला होता. मामाच्या निवट्यांमधून तो शिवला गेला नसता.

म्हणजे सराव परीक्षेत मी काय केलं होतं? मला सोयीचं तेवढं लिहिलं होतं. सरांनी सगळ्याला हो म्हटलं, मी सगळ्याला नाही म्हटलं, आणि दोघांनीही त्या प्रश्नातला एक शब्द वाचलाच नव्हता. ‘कितपत’. त्यांनी ‘सहमत आहात का’ विचारलंच नव्हतं. किती, कुठपर्यंत, कुठे थांबता, ते विचारलं होतं. इतकी वर्षं मी त्या प्रश्नावर लाजत होते आणि त्या शब्दाकडे धड पाहिलंही नव्हतं.

मी ‘पूर्णपणे’ खोडलं. बाई अजून जवळच होत्या. मी लिहिलं की काही अंशी सहमत आहे, आणि तो अंश कोणता ते सांगते. मामाचं जाळं लिहिलं. मामाच्या थोरल्याचंही लिहिलं. बाबा साहेबाशी वाद घालत नाहीत हेसुद्धा लिहिलं. शेवटी लिहिलं की खाडीकाठी कारखाने आले तेव्हा खाडीवरच्या कोणालाही कोणी विचारलं नाही, कितपत सहमत आहात म्हणून. परीक्षेला बसणाऱ्याला जे विचारतात ते जिच्या दारात कारखान्याचा नाला सोडला तिला विचारलं नाही. माझं भांडण तिथून सुरू होतं. एवढं लिहिता लिहिता पुढच्या प्रश्नांना वेळ उरला नाही. शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. घंटा झाली तेव्हा मला माहीत होतं, मी काय करून बसले ते.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर मैत्रीण भेटली.

“सोपा होता ना गं पेपर? तोच प्रश्न आला!”

“तोच नाही, उलटा होता. तू नुकसानाशी सहमत होऊन खाली फायदे लिहिलेस?”

तिने ग्लास खाली ठेवला. तिचा चेहरा पडला, पण क्षणभरच. “असू दे. परीक्षकपण वाचणार नाही.”

निकाल लागला. मैत्रिणीला फर्स्ट क्लास. त्या पेपरातही तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क. क्लासच्या जिन्याशी बोर्ड लागला, त्यावर पिठातल्या पोरांची यादी, गिरणीवाल्याने त्याला हारही घातला. दमलेल्या माणसाबद्दल सर बोलले होते ते शंभर टक्के खरं निघालं. मला सेकंड क्लास, फर्स्ट थोड्याच मार्कांनी हुकला. पेपर पुन्हा दिला असता तर मी पुन्हा तेच लिहिलं असतं, आणि शेवटचा प्रश्न पुन्हा अर्धा सोडला असता.

रविवारी आत्या आली. पर्समधून फोटो काढून तिने टेबलावर ठेवला. मुलगा स्टुडिओतल्या खोट्या कठड्याला टेकून उभा होता, बिचारा.

“दादा, शब्द दिलावंस. त्यांना काय कळवू?”

बाबा फोटोकडे न बघता माझ्याकडे बघत होते. “तू लिहिलंस तरी काय त्या पेपरात?”

“सांगू?”

“सांग की. आता लपवून काय उपयोग?”

मी उभी राहिले. अख्खं उत्तर म्हणून दाखवलं, जिथे थांबायचं तिथे थांबून. ‘थोरल्याला लावशील का’ या वाक्याला आवाजही खाली आणला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. साहेबाशी वाद घालत नाहीत, इथे आल्यावर मी जरा अडखळले, पण म्हटलंच.

बाबांनी आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाले, “थोरल्याचं कशाला लिहिलंस? घरातली गोष्ट बाहेर?”

“त्याच्याशिवाय खरं झालं नसतं.”

“आणि मासे कंपन्यांनीच मारले कशावरून? रेती उपसणारे दिसत नाहीत तुला? रोज होड्या लावून खाडीचा तळ खरवडतात ते?”

“ते नंतर आले. आधी नाले आले.”

“कोण म्हणतं? मी लहानपणापासून बघतोय!”

“मग तुम्हीच सांगा, कुठलं आधी?”

आणि बाबा खुर्ची पुढे ओढून सांगायला लागले. हातवारे करून, टेबलावर खाडी काढून, फोटोची बाजू बंदर म्हणून वापरत. मी मध्ये तोडत होते, ते मला तोडत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी वाद घालत होते आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस वाद घालण्यात माझ्यापेक्षा सरस आहे. कंपनीत इतकी वर्षं त्याने हे कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

“दादा!” आत्या ओरडली. “त्यांना काय कळवू?”

बाबांनी तिच्याकडे बघितलं, जणू ती आत्ताच आली होती. “कळव, पोरगी शिकतेय म्हणून.”

“आणि शब्द?”

“शब्द माझा होता. मी परत घेतो.” मग थोडं सावरत, “अगं, हिला आत्ता दिली तर सासरचे चार दिवसांत रिक्षात घालून आणून सोडतील. त्यापेक्षा शिकू दे.”

आत्याने फोटो उचलला आणि चहा न घेता गेली. पुढे कित्येक महिने ती बाबांशी बोलली नाही. मी जिंकले होते. एम.ए. माझ्या हातात आलं होतं. कोणाही शहाण्या मुलीने त्या क्षणी तोंड मिटून वाकून नमस्कार केला असता.

“बाबा,” मी म्हटलं, “म्हणजे मी भांडते म्हणून मला शिकवायचं? मला शिकायचंय म्हणून नाही?”

आईने माझा दंड धरला आणि मला आत ओढलं. “गप! गप बस! दिलाय ना तुला? घे नि गप बस!”

“पण आई, कारण चुकीचं आहे.”

“चुकीचं तर चुकीचं!”

बाहेरून बाबांचा आवाज आला. “काय म्हणाली ती? काय चुकीचं आहे?”

“काय नाय, काय नाय,” आई म्हणाली.

“तिला बाहेर पाठव. बाहेर येऊन बोल म्हणावं, काय ते.”

आईने माझ्याकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि माझा दंड सोडला. मी ओढणी सारखी केली आणि बाहेर गेले.